गाडीच्या मूळ वायरिंगवर रेडिओ अँप्लिफायर: ऑल्टरनेटर बदलण्याआधी तार तपासा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळेल. तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) असलेल्या तुमच्या मामांनी अमेरिकेहून एक सीबी रेडिओ (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य माणसांना आपसांत बोलण्यासाठी ठेवलेल्या पट्ट्यावरचा सेट) आणि त्याला जोडायचा, वर २०० वॉट असे छापलेला अँप्लिफायर आणला. तो तुम्ही डिचोलीत तुमच्या छोट्या पेट्रोल गाडीत बसवलात. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे आणि ऑल्टरनेटरवर ७० अँपिअर असा आकडा आहे. अँप्लिफायरचा प्लस डॅशबोर्डखालच्या फ्यूजपेटीतून अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) तारेने घेतलेला आहे आणि मायनस पुढच्या सीटच्या बोल्टला बांधलेला आहे. रात्री गाडी उभी असताना माइकचे बटण दाबले की हेडलाइट मंदावतात, अँप्लिफायरचा स्वतःचा दिवाही फिका पडतो आणि ऐकणारा म्हणतो की आवाज फाटतो आहे. गॅरेजवाल्याने मोठा ऑल्टरनेटर आणि सोबत एक फॅरडचा कपॅसिटर सुचवला आहे. हा खर्च करावा का, असे तुम्ही विचारता.

करू नये, निदान चार ठिकाणी मीटर लावून पाहिल्याशिवाय तरी नाही. म्हापशाला मी बरीच वर्षे गाड्यांचे विजेचे काम करतो आणि जवळजवळ तितकीच वर्षे हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायचा रेडिओ, चालवतो. 'डायनॅमो पुरत नाही' अशी तक्रार घेऊन आलेल्या रेडिओवाल्या गाड्यांपैकी बहुतेकांचा ऑल्टरनेटर धडधाकट निघाला (गॅरेजमधले जुने लोक ऑल्टरनेटरला अजून डायनॅमोच म्हणतात) आणि दोष सापडला तो बॅटरीपासून रेडिओपर्यंतच्या दोन तारांत, त्यातही मायनसच्या बाजूला.

विजेकडे वळण्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सीबीचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, पण तो ५ वॉटच्या मर्यादेत. म्हणजे या पट्ट्यावर अँप्लिफायर लावणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे. अमेरिकेतही सीबीसाठी एएमवर ४ वॉट आणि एसएसबीवर १२ वॉट हीच मर्यादा आहे (एएम, एसएसबी आणि एफएम हे आवाज लहरीवर चढवण्याचे वेगवेगळे प्रकार). तिथेही सीबीला अँप्लिफायर चालत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकन सेटवर ४० चॅनेल असतात आणि ते २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. त्यांतला २८ क्रमांकाचा आणि त्यापुढचे सगळे चॅनेल आपल्या मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर पडतात, मग शक्ती कितीही कमी असो. शंभर-दोनशे वॉटची हौस असेल तर सरळ मार्ग हॅम परवान्याचा आहे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून तो मिळतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला ५० वॉट आणि जनरल श्रेणीला ४०० वॉटपर्यंत मुभा असते. सीबीला लागूनच वर २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा दहा मीटरचा हॅम पट्टा आहे आणि लहरींचे वागणे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असते, त्यामुळे परवाना घेणाऱ्याचे काहीही हुकत नाही.

हा नियम केवळ कागदाचा नाही. असे स्वस्त अँप्लिफायर उघडून पाहिले की बऱ्याचदा आत फिल्टर नावाची वस्तूच नसते, आणि फिल्टर नसेल तर मूळ लहरीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेवरही शक्ती बाहेर पडते. २७.१८५ ची चौपट १०८.७४ मेगाहर्ट्झ होते, आणि १०८ च्या वरचा तो भाग विमानांना धावपट्टीची दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांचा आहे. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या आपल्या एवढ्याशा राज्यात हा विचार बाजूला ठेवता येत नाही. म्हणून यापुढचे सगळे मी हॅम परवानाधारकाच्या दहा मीटरच्या जोडणीला अनुसरून लिहितो. तुमची हॅमची परीक्षा होऊन परवाना हाती येईपर्यंत अँप्लिफायर अँटेनावर चालवू नका आणि वायरिंगची तपासणी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी ५० ओहमचा रोध जोडून करा. विजेचे गणित दोन्हीकडे तेच आहे.

आता प्रवाह किती लागतो ते पाहू. अशा अँप्लिफायरची कार्यक्षमता पूर्ण शक्तीवर साधारण निम्मी असते. २०० वॉट बाहेर काढायचे तर ४०० वॉट आत द्यावे लागतात, आणि १३.८ व्होल्टवर ४०० वॉट म्हणजे सुमारे २९ अँपिअर. सोयीसाठी ३० धरू. हा झाला शिखराचा आकडा. एसएसबीवर बोलताना शिखर शब्दागणिक क्षणभरच गाठले जाते, दोन शब्दांच्या मधल्या जागेत प्रवाह खाली येतो, आणि सरासरी शिखराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते. त्यात आपण निम्म्याहून अधिक वेळ ऐकत असतो, हेही धरले की ऑल्टरनेटरवर पडणारा खरा भार चार-पाच अँपिअरचा उरतो, म्हणजे मागच्या काचेच्या डीफॉगरपेक्षाही कमी. एएमचे मात्र वेगळे आहे. तिथे कॅरिअर (आवाज नसतानाही जात राहणारी मूळ लहर) शिखराच्या एक चतुर्थांश, म्हणजे ५० वॉट असतो, पण त्या पातळीवर अँप्लिफायरची कार्यक्षमता फारच घसरते, त्यामुळे तुम्ही तोंडातून शब्द काढला नाही तरी बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत १३ अँपिअर सतत खर्ची पडतात. एफएमवर तर पूर्ण ३० अँपिअर अखंड चालू राहतात. अँप्लिफायर कुठल्या प्रकारावर चालवणार, हे ठरल्याशिवाय 'ऑल्टरनेटर पुरेल का' या प्रश्नाला अर्थ नाही.

तुमचा ७० अँपिअरचा ऑल्टरनेटर हे ७० अँपिअर केव्हा देतो, हेही समजून घ्या. तो आकडा ऑल्टरनेटरचा स्वतःचा वेग मिनिटाला ६००० फेरे असतानाचा असतो. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसते चालू असताना ऑल्टरनेटर जेमतेम दोन हजारांवर फिरतो आणि तेव्हा छापील आकड्याच्या साधारण निम्मे, म्हणजे ३५ ते ४० अँपिअर मिळतात. दुसऱ्या बाजूला खर्च मांडा. इंजिनाचा संगणक, इंधनपंप आणि इग्निशन मिळून १०-१२ अँपिअर, हॅलोजन हेडलाइटची जोडी १०, मागचे आणि बाजूचे दिवे ३, एसीचा पंखा पूर्ण वेगावर १० किंवा अधिक, कॉम्प्रेसरचा क्लच ४, रेडिएटरचा पंखा फिरू लागला की आणखी १० च्या वर. जुलैच्या रात्री पणजीच्या मांडवी पुलाआधीच्या रांगेत, वायपर चालू ठेवून, काचा धुरकटू नयेत म्हणून एसी लावून उभी असलेली गाडी रेडिओ नसतानाही ऑल्टरनेटरच्या मर्यादेला टेकलेली किंवा ती ओलांडलेली असते. उरलेला प्रवाह बॅटरी पुरवते. ज्या क्षणी बॅटरी पुरवठा करू लागते त्या क्षणी व्यवस्थेचा दाब १४ व्होल्टवरून १२.५ च्या खाली उतरतो, कारण बॅटरीचा स्वतःचा दाबच तेवढा असतो. ती दीड व्होल्टची घसरण ऑल्टरनेटरच्या दोषाची नव्हे; आयडलवरच्या कोणत्याही लहान गाडीची ती रीतच आहे.

इथे तुमच्या हेडलाइटचा मुद्दा येतो, आणि प्रश्नातला सर्वांत बोलका तपशील तोच आहे. केवळ अँप्लिफायरच्या तारेत दाब वाया जात असेल तर अँप्लिफायर उपाशी राहील, पण हेडलाइटना त्याचा पत्ताही लागणार नाही. त्या तारेतून हेडलाइटचा प्रवाह जातच नाही. दिवे मंदावतात याचा अर्थ दोघांच्या वाटेत काहीतरी सामाईक आहे. ते एकतर आयडलवर दमलेला ऑल्टरनेटर असेल, नाहीतर बॅटरीपासून फ्यूजपेटीपर्यंत येणारी मुख्य तार, नाहीतर बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी पट्टी. यांतले कोणते, हे विनाखर्च कळते. एकाला माइक धरून बसवा, इंजिनाचा वेग दोन हजारांवर न्या आणि पुन्हा बटण दाबा. दिवे आता मंदावत नसतील तर प्रश्न आयडलचा होता. उभ्या गाडीत बोलताना पायाने वेग थोडा वाढवणे किंवा एसीचा पंखा दोन घरे खाली आणणे हाच त्यावर उपाय. दोन हजारांवरही दिवे मंदावत असतील तर आयडलचा विषय संपला आणि सामाईक वायरिंग तपासायला घ्यावी.

माझ्याकडे अशीच एक गाडी मागच्या पावसाळ्यात आली होती. अँप्लिफायर जवळजवळ याच ताकदीचा आणि जोडणीही तुमच्यासारखीच. अँटेनाच्या जागी डमी लोड लावला, इंजिन दोन हजारांवर ठेवले आणि सेट एफएमवर टाकला. एसएसबीवर मोजू नये, कारण आवाजाबरोबर आकडा नाचतो आणि साध्या मीटरला तो पकडता येत नाही. बटण दाबलेले असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर १३.६ व्होल्ट होते आणि अँप्लिफायरच्या टर्मिनलवर ११.३. मधले २.३ व्होल्ट कुठे गेले ते शोधण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे अँप्लिफायरच्या प्लसवर ठेवले: १.१ व्होल्ट. मग तसेच मायनस ते मायनस: १.२ व्होल्ट. गाडीमालकाचा सारा संशय प्लसच्या बारीक तारेवर होता, आणि मायनसचा तर त्याने विचारही केला नव्हता, कारण 'बॉडी म्हणजे अख्खा पत्रा, तिथे काय कमी पडणार'. बॉडीचा पत्रा खरोखरच उत्तम वाहक आहे. मात्र सीटचा बोल्ट त्या पत्र्याला रंगाच्या थरातून आणि आटे सुटू नयेत म्हणून लावलेल्या चिकटद्रव्यातून भेटतो. तो बोल्ट काढला तेव्हा थिंबलाखाली (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली) हिरवट पूड होती आणि बोल्टाच्या डोक्याला हात लावला तर तो कोमट लागत होता. जोडात १० मिलिओहम एवढा नगण्य रोध असला तरी ३० अँपिअरला त्यात ०.३ व्होल्ट जातात आणि ९ वॉटची उष्णता तयार होते. पार्किंगचा छोटा बल्ब ५ वॉटचा असतो, यावरून अंदाज करा. दोन्ही तारा बदलून, मायनसची जागाही बदलून पुन्हा मोजले तेव्हा बॅटरीवर तेच १३.६ आणि अँप्लिफायरवर १३.१ आले. ऑल्टरनेटरला कोणी हातही लावला नव्हता.

तारेची जाडी कशी ठरवावी ते आता सांगतो, आणि इथे घाई करू नये. बॉनेटमधल्या बॅटरीपासून पुढच्या सीटखालच्या अँप्लिफायरपर्यंत वळणे धरून साडेतीन मीटर तार लागते. परतीचेही तेवढेच, म्हणजे एकूण सात मीटर. अडीच एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओहम असतो. सात मीटरचे ५६ झाले आणि ३० अँपिअरला १.७ व्होल्ट तारेतच संपले. सहा एमएमला हीच घट ०.७ व्होल्ट होते, दहा एमएमला ०.४ आणि सोळा एमएमला ०.२५. अर्ध्या व्होल्टच्या आत राहायचे हा माझा नियम आहे. त्यामुळे तुमच्यासाठी दहा एमएम पुरेशी आणि सोळा एमएम उत्तम. त्याहून जाड तार वाकवताना होणारा त्रास मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा असतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. त्याचा फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि मागची तारही त्याच बेताची असते. फोन चार्ज करणे हेच तिचे काम.

बाजारात गेल्यावर एका फसवणुकीपासून सावध राहावे. गाडीच्या स्पीकरच्या दुकानांत 'चार गेज' म्हणून जी अंगठ्याएवढी जाड, चकचकीत निळी-लाल तार मिळते, तिच्यात पुष्कळदा प्लॅस्टिकच जास्त असते, आणि आतल्या काड्या अस्सल तांब्याच्या नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या असतात. अशा तारेचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि खाऱ्या हवेत मुलामा जिथे कापला जातो तिथून ती आतल्या आत पिठासारखी होत जाते. ओळखणे सोपे आहे. एक काडी ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर तार दुकानातच ठेवा. त्यापेक्षा घरगुती वायरिंगच्या दुकानातली, नामांकित उत्पादकाची, बारीक काड्यांची दहा एमएमची तांब्याची लवचीक तार मला अधिक विश्वासाची वाटते. तिचे वेष्टन बॉनेटच्या उष्णतेसाठी बनवलेले नसते, म्हणून तिथल्या भागात ती कोरुगेटेड पाइपमधून आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांबून न्यावी लागते. कल्हई केलेली बोटीची तार मिळाली तर सोन्याहून पिवळे. मालीमच्या जेटीजवळ ट्रॉलरचे विजेचे काम करणाऱ्या कोणाला विचारून पाहा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो अँप्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो, तारेला वाचवण्यासाठी असतो, आणि हा फरक न कळल्यामुळे लोक तो केबिनमध्ये, हाताला सोयीचा म्हणून रेडिओपाशी लावतात. माझ्या एका परिचिताच्या पिकअपमध्ये असेच केलेले होते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून, रबरी ग्रोमेट न घालता तार आत घेतली होती. चोर्ला घाटातल्या खड्ड्यांनी पत्र्याच्या धारेवर तिचे वेष्टन घासत घासत एक दिवस कापले गेले. तार तिथे बॉडीला टेकली. फ्यूज तिच्या पलीकडे, म्हणून तो उडण्याचा प्रश्नच आला नाही, आणि शॉर्टमध्ये बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. त्याने बॉनेट उघडले तेव्हा तारेचे वेष्टन मेणासारखे वितळून खाली गळत होते. दहा नंबरचा पाना हाताशी होता म्हणून टर्मिनल सोडवता आले. तुमच्या दहा एमएमच्या तारेला ४० अँपिअरचा फ्यूज योग्य आहे. तो वारंवार उडू लागला तर ६० चा घालू नका. अँटेनाचा एसडब्ल्यूआर, म्हणजे सेटशी तिचा मेळ किती बसतो तो आकडा, पाहा, कारण मेळ बिघडलेली अँटेना प्रवाह वाढवते.

मायनस कुठे जोडावा याविषयी दोन मते ऐकू येतात आणि दोन्हींना कारणे आहेत. तार थेट बॅटरीच्या मायनस खुंटावर नेली तर घट सर्वांत कमी होते, पण मग त्या तारेतही बॅटरीपाशी फ्यूज लागतो. इंजिनाची अर्थिंगची पट्टी कधी गंजून तुटली तर स्टार्टरचा दीडशे-दोनशे अँपिअरचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट तुमच्या रेडिओच्या मायनसमधून आणि अँटेनाच्या केबलच्या जाळीतून जाते. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत मायनस खुंटावरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीत किती प्रवाह आला आणि किती गेला याचा हिशेब तो ठेवतो. त्याला वगळून खुंटावर तार जोडली तर अँप्लिफायरचा खर्च त्याच्या हिशेबात येत नाही आणि चार्जिंगचे नियंत्रण चुकत जाते. म्हणून बॅटरीची मायनस पट्टी बॉडीला जिथे बसते त्या बोल्टाजवळ मी ही तार जोडतो. तिथे रंग खरवडून पत्रा उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा, थिंबल हातोडीने चेपून न बसवता क्रिंपिंगच्या पकडीने दाबून घ्यावे, घट्ट आवळावे आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी. जेली आधी लावू नये. फक्त सोल्डर करून स्क्रूखाली धरलेली तार काही महिन्यांत सैल पडते, हेही जाता जाता सांगतो.

किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे अर्थिंग जितक्या लवकर बिघडते तितके साखळी-वाळपईकडच्या गाड्यांचे बिघडत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या बाबतीत डिचोलीकर सुदैवी. तरी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, फ्यूजचे घर आणि मायनसचा बोल्ट एकदा उघडून पाहावा.

नव्या गाड्यांबद्दल आणखी एक सूचना. काहींत इंजिनाचा संगणक ऑल्टरनेटरचा दाब इंधन वाचवण्यासाठी कमी-जास्त करतो. वेग घेताना तो साडेबारापर्यंत उतरतो आणि ब्रेक लावताना पंधराच्या आसपास चढतो. मीटरवर असे दिसले तर ऑल्टरनेटर बिघडला असे समजू नका. हेडलाइट लावले की अनेक गाड्यांत हा खेळ थांबतो आणि दाब स्थिर होतो.

गॅरेजवाल्याच्या दोन सूचनांकडे आता येतो. एक फॅरडच्या कपॅसिटरमधून ३० अँपिअर खेचले तर सेकंदाच्या तिसाव्या भागात त्याचा दाब एक व्होल्ट उतरतो. ढोलाच्या ठोक्याला तेवढा वेळ पुरत असेल. 'सीक्यू' (ऐकणाऱ्या कोणालाही घातलेली हॅमची साद) म्हणायलाही त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. ते पैसे तारेत घाला. मोठा ऑल्टरनेटर सर्वस्वी निरुपयोगी नाही. तुम्ही रात्रीच्या प्रवासात एफएमवर दीर्घकाळ बोलणार असाल तर तो लागेलही. मात्र विक्रेत्याला छापील आकडा न विचारता आयडलवरचा आकडा विचारा, कारण पुष्कळ मोठे ऑल्टरनेटर आयडलवर मूळच्यापेक्षा फारसे अधिक देत नाहीत, आणि तो बसवला की बॅटरीपर्यंतची चार्जिंगची तार आणि बेल्टही त्याला साजेसे करावे लागतात. वॉरंटीतल्या गाडीत हा फेरफार करू नये हे वेगळे सांगायला नको.

आवाज फाटण्याचे कारणही दाबातच आहे. ११.३ व्होल्टवर अँप्लिफायर शिखरे पूर्ण उचलू शकत नाही, ती सपाट कापली जातात, आणि ऐकणाऱ्याला ते फाटणे म्हणून जाणवते. शेजारच्या चॅनेलवरही घाण पसरते ती त्यामुळेच. गंमत अशी की ११.३ वरून १३.१ वर गेल्याने शक्तीत पडणारा फरक सव्वा डेसिबलच्या आसपास आहे, आणि एस-मीटरवरचे (सेटवरच्या, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचे) एक घर ६ डेसिबलचे असते. म्हणजे समोरच्याला तुम्ही अधिक मोठ्याने ऐकू येणार नाही, अधिक स्वच्छ ऐकू याल. इतकेच कशाला, १२ वॉटवरून २०० वॉटवर जाण्याचा सगळा खटाटोप एस-मीटरवर दोन घरांचा आहे. चुंबकावर उभ्या केलेल्या मीटरभर अँटेनाऐवजी पूर्ण पाव लहरीची, दहा मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे २.६ मीटरची काठी बॉडीला नीट अर्थ करून लावली तर त्यातला बराच हिस्सा एक अँपिअरही न वाढवता मिळतो. आपल्या वाड्यांवरच्या आंब्या-फणसांच्या फांद्या आणि आडव्या गेलेल्या विजेच्या तारा सांभाळाव्या लागतात, ही तिची अडचण मात्र खरी आहे.

इंजिन बंद असताना अँप्लिफायर वापरू नये. चोडणच्या फेरीत इंजिन बंद केल्यावर रेडिओ ऐकत बसायला हरकत नाही, पण ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, आणि रेडिओ चुकून रात्रभर चालू राहिला तर एक अँपिअरच्या हिशेबानेही सकाळपर्यंत दहा अँपिअर-तास गेलेले असतात. म्हणून अँप्लिफायरची तार ४० अँपिअरच्या रिलेमधून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) न्यावी आणि रिलेची कॉइल इग्निशनवर ठेवावी. चाचणी करताना इंजिन चालू असेल तोवर बॅटरीचे टर्मिनल कधीही सोडवू नका. ऑल्टरनेटरचा दाब क्षणार्धात कित्येक पटीने उसळतो आणि त्यात रेडिओसकट गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणकही जाऊ शकतो.

नव्या तारा टाकताना अँटेनाची केबल गाडीच्या मूळ वायरिंगपासून दूर ठेवा. बटण दाबल्यावर इंजिन अडखळले किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला तर तिथेच थांबा. लहरी वायरिंगमध्ये शिरत आहेत असा त्याचा अर्थ, आणि तो स्वतंत्र विषय आहे.

तूर्त अडीच एमएमची तार फ्यूजपेटीतून आजच काढा, कारण त्या पेटीचे वायरिंग या भारासाठी नाही. मग दहा एमएमच्या तारा टाकून, डमी लोडवर, दोन हजारांच्या वेगावर चार आकडे घ्या: बॅटरीवरचे व्होल्ट, अँप्लिफायरवरचे व्होल्ट, प्लस ते प्लस आणि मायनस ते मायनस. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज पाऊण व्होल्टच्या वर गेली तर मला कळवा, आणि कोणता आकडा मोठा आहे तेही लिहा. मायनसचा असेल तर मी तुम्हाला बॉनेटखालचा तो बोल्ट पुन्हा एकदा खरवडायला सांगणार आहे.